अक्काने बेंबी बसवली तो दिवस

आमच्या घरात पोट दुखणं हा कमीपणा समजला जायचा. ताप येऊ शकतो, पाय मुरगळू शकतो, विंचूही चावू शकतो, पण पोट? ते दुखलं तर खाणाऱ्यातच काहीतरी खोट आहे, असा सगळ्यांचा पक्का समज. एरंडोलच्या अलीकडे आमचं गाव. सकाळी चुलीवर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकऱ्या थापल्या जात, त्यांचा थप-थप आवाज ऐकूनच आम्ही जागे व्हायचो. त्या भाकरीवर हिरव्या मिरचीचा ठेचा, वर शेंगदाण्याचं तेल, आणि कांदा हाताच्या बुक्कीने फोडलेला. पाहुणा आला की शेवभाजी, तिच्यावर बोटभर लाल तर्री. पाहुण्याच्या डोळ्यांतून पाणी आलं की आबा, म्हणजे माझे वडील, खूश व्हायचे. "आपला जिल्हाना शे का पुनाना?" असं विचारायचे. पुण्याकडच्या माणसाच्या पोटाबद्दल त्यांना फारसा आदर नव्हता.

त्या तिखटावर आजही लोक माझ्याशी वाद घालतात. पोटाला भोक पडलं म्हटलं की आधी मिरचीकडे बोट. मी उभा जन्म माणसांची पोटं उघडून शिवण्यात घालवला, आणि केस पांढरे झाले तरी रोज सकाळी ठेचा खाते. मिरचीला उगाच बदनाम करू नका. आबांचं पोट बिघडवलं ते गुडघ्यांनी. त्यांचे गुडघे धरायचे, आणि किराणा दुकानात बरणीतून सुट्या मिळणाऱ्या अंगदुखीच्या गोळ्या ते उपाशीपोटी, कोऱ्या चहाबरोबर घ्यायचे. दोन-तीन वर्षं घेत होते. दुकानदाराला नावही विचारायला लागायचं नाही, नुसता हात पुढे केला की गोळी. त्या गोळीला घरात कुणी औषध म्हणतच नव्हतं, त्यामुळे "काही औषध चालू आहे का?" असं विचारलं असतं तर सगळ्यांनी शपथेवर नाही म्हणून सांगितलं असतं.

घरात सत्ता अक्काची. अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आलेली, आणि त्यांची आई गेल्यावर आबांना तिनेच वाढवलेलं. उंच, काटक, आवाज असा की दोन शेतं ओलांडून बैल थांबायचा. अक्का बेंबी बसवायची. आमच्याकडे कुणाला कळा आल्या, जुलाब लागले, भूक मेली, की बेंबी सरकली म्हणायचे आणि अक्काकडे यायचे. ती माणसाला उताणं झोपवायची, तीन बोटं बेंबीवर टेकवून डोळे मिटायची आणि खालची धडधड शोधायची. ती बरोबर बेंबीखाली लागली तर बेंबी जागेवर. बाजूला लागली तर सरकली. मग कोमट तेल, मग अंगठ्याने बेंबीभोवती पिळा देत दाबणं, आणि शेवटी कणकेचा छोटा दिवा बेंबीवर पेटवून त्यावर तांब्या पालथा घालायची. दिवा विझायचा, तांब्या पोटाला घट्ट चिकटायचा, पोटाची कातडी आत ओढली जायची, आणि बघणारे दबक्या आवाजात "बसनी, बसनी" म्हणायचे. लहानपणी मला हे जगातलं सगळ्यात मोठं शास्त्र वाटायचं. एरंडोलहून, धरणगावहून बैलगाड्या येत. अक्का त्याबद्दल एक पैसा घेत नसे, पण तिच्या शब्दाबाहेर जायची कुणाची टाप नव्हती.

अशा घरातून मी धुळ्याला डॉक्टरकीला गेले. मार्क होते म्हणून गेले, आणि आबा एकदा हो म्हणाले होते म्हणून गेले. अक्का कधीच हो म्हणाली नाही. पोरीच्या जातीने परक्या माणसाच्या उघड्या मुडद्याला हात लावायचा, आणि त्याच हाताने घरात येऊन पीठ मळायचं, हे तिला जाम पटत नव्हतं. मी शनिवारी घरी आले की ती मला अंगणातच अडवायची, दगडावर बसवून डोक्यावरून पाणी ओतायची, आणि मगच उंबरा ओलांडू द्यायची. पहिले काही शनिवार मी ऐकलं. एकदा थंडी होती, मी तशीच आत गेले, परातीतला गोळा उचलला आणि भाकरी थापायला बसले. अक्काने ती भाकरी खाल्ली नाही. आबांनी खाल्ली. त्यानंतर मी कधी दगडावर बसले नाही, आणि अक्का माझ्याशी कामापुरतं बोलू लागली.

कॉलेजात त्या थंडीत आमचं पोट चालू होतं, म्हणजे पोटाची चिरफाड. फॉर्मलिनचा वास डोळ्यांत जायचा. आमच्या टेबलावरचं जठर राखाडी, चामड्यासारखं, चुरगळलेल्या पिशवीसारखं पडलेलं. शिकवणारे सर आधी कुठल्याशा तालुक्याच्या दवाखान्यात सर्जन होते, हात थरथरू लागला म्हणून अ‍ॅनाटॉमीत आलेले. पुस्तकातल्या व्याख्यांचा त्यांना कंटाळा होता. "जठर कुठे संपतं ते डोळ्याने नाही, बोटाने सांग," म्हणायचे. मग आम्ही चिमटीत धरून चाचपायचो. मऊ, मऊ, मऊ, आणि एकदम जाड कडं लागायचं. तो पायलोरस, जठराचा दरवाजा. त्याच्या पलीकडे आतड्याचा पहिला तुकडा, ड्युओडेनम, बारा बोटं लांब, इंग्रजी सी अक्षरासारखा वळलेला. "यातल्या पहिल्या दोन इंचांत आपल्या भागातली निम्मी पोटं बिघडतात," सर म्हणायचे. "जठरातलं आम्ल आधी इथेच येऊन आदळतं. मागच्या भिंतीला जखम झाली तर तिच्या पाठीशी मोठी रक्तवाहिनी आहे, माणूस रक्त ओकतो. पुढच्या भिंतीच्या पुढे काही नाही, नुसती पोकळी. म्हणून पुढची फुटते." आणि मग त्यांनी चष्मा काढून जे सांगितलं ते मी तेव्हा लिहूनही घेतलं नव्हतं, कारण परीक्षेत ते येणार नव्हतं. फुटलं की सुरी खुपसल्यासारखं दुखतं, पोट फळी होतं, माणूस हलत नाही. काही तासांनी आतून पाणी सुटून आम्ल पातळ होतं, दुखणं ओसरतं. घरचे म्हणतात बरा झाला. "तो बरा झालेला नसतो," सर म्हणाले. "मी असे तीन-चार घरी जाऊ दिलेत. त्यातला एकही परत आला नाही."

त्याच थंडीतल्या एका सुट्टीला भरिताची पार्टी आमच्या शेतात होती. आमच्याकडे हिवाळ्यात कुणाच्या तरी शेतावर ती होतेच. हिरवी, लांबट, मनगटाएवढी जाड वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजायची, साल काढायची, आणि लाकडाच्या बडगीत, म्हणजे होडीसारख्या उखळात, मिरच्या, लसूण, कांद्याची पात घालून मुसळीने कुटायची. कुटण्याचं काम पुरुषांचं. त्या दिवशी मुसळी आबांच्या हातात होती. धपाधप कुटत होते आणि मधूनमधून बोटाने चव घेत होते. पंचवीस-तीस माणसं, पोरांचा गलका, पुऱ्यांच्या कढईचा चुरचुराट. मी आईजवळ पुऱ्या लाटत होते. आणि मुसळीचा आवाज बंद पडला.

आबा बडगीशेजारी गुडघ्यांवर बसले होते. दोन्ही हात बरगड्यांच्या खाली, मधोमध. चेहऱ्यावर घाम, आणि तोंडातून आवाजच नाही. आम्ही त्यांना चिंचेखाली घोंगडीवर निजवलं. त्यांनी गुडघे पोटाशी घेतले आणि ते तसेच राहिले. आबा म्हणजे एका जागी घटकाभर न बसणारा माणूस, झोपेतही चारदा कूस बदलणारा. नाकावर माशी बसली तरी त्यांनी हात हलवला नाही. मला आधी भीती वाटली ती त्या माशीची.

"बेंबी सरकी गई शे," अक्का म्हणाली. "मुसळी उचलीसन सरकी. आते बसाडी देस."

तिने बाह्या सारल्या, तीन बोटं टेकवली आणि डोळे मिटले. ती एका जागेवरून दुसऱ्या जागेवर बोटं सरकवत राहिली, वर, खाली, डावीकडे. तिच्या कपाळावर आठी पडली. "धडधड लागतच नही हाताले," ती म्हणाली. "लई लांब सरकी गई शे." इतकी लांब सरकलेली बेंबी तिने उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती, हे ती सगळ्यांना सांगू लागली, आणि लोक माना डोलावू लागले.

मी खाली बसले आणि तिच्या हाताशेजारी माझा हात ठेवला. खरं सांगते, पोट नव्हतंच ते. लाकडाची फळी होती. अक्का जी धडधड शोधायची ती पाठीच्या कण्यापुढून जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीची, हे मला महिनाभरापूर्वीच कळलं होतं. आज ती लागत नव्हती, कारण वरचे स्नायू दगडासारखे आवळले होते, बोट आत जातच नव्हतं. बेंबी कुठेही गेली नव्हती.

"अक्का, दाबू नको," मी म्हटलं. "आबांचं आतडं फुटी गयं शे. जळगावले नेनं पडी."

"मुडदा फाडानं शिकी उनी, आनि आते माले शिकाडस!"

लोक हसले. कुणीतरी मला मागे ओढलं. अक्काने तेल मागवलं. मी आबांच्या पोटावर आडवी झाले असते, पण आबाच पुटपुटले, "करू दे तिले." आपल्या बहिणीचा भर सभेत अपमान होऊ द्यायचा नाही, एवढं त्या अवस्थेतही त्यांना सुचलं. अक्काने जोर दिला नाही, हे मला तिच्या बाजूने सांगायलाच हवं. हात लागताच भाऊ कळवळला, तशी ती फक्त तेल चोळून थांबली आणि दिवा लावून तांब्या पालथा घातला. तांब्या धरेना. पोटाची कातडी आत ओढली जाईना. तिने तो हाताने दाबून धरला. तिचे ओठ हलत होते. ती देवाला काय म्हणत होती ते मला माहीत आहे, कारण मीही तेच म्हणत होते.

आणि दुपार कलता कलता आबांना आराम पडला. त्यांनी पाय सरळ केले, घोटभर पाणी मागितलं. "आते बरं वाटस," म्हणाले. शेतभर आनंद पसरला. "बसनी! अक्कानी बसाडी दिधी!" बाया अक्काच्या पाया पडू लागल्या. कढई परत चढली. प्यायलेलं पाणी फुटलेल्या जागेतून पोटातच सांडणार, म्हणून मी पाण्याचा तांब्या आबांच्या हातातून काढून घेतला, तेव्हा लोकांनी माझ्याकडे जे पाहिलं ते अजून विसरले नाही. बापाला पाणी न देणारी पोरगी.

"आबा, आजून काय दुखस?" मी विचारलं.

"काय नही. जरा खांदा दुखस. हाऊ उजवा."

"सकायपासून भरीत कुटं तू, दुखी नही तं काय!" अक्का हसून म्हणाली, आणि सगळे हसले.

मी हसले नाही. छाती-पोटामधला श्वासाचा पडदा आणि खांदा यांची नस मानेतून एकाच ठिकाणाहून निघते. पोटात काही सांडलं आणि पडद्याला लागलं की दुखतो खांदा. हे आमच्या पुस्तकात छापलेलं होतं, पण आबांच्या तोंडून ऐकेपर्यंत मी ते नुसतं पाठ केलं होतं. त्या क्षणी माझी खात्री पटली, आणि खात्री पटल्यावर माणूस किती उद्धट होतो ते मला त्या दिवशी कळलं. आबांचे चुलतभाऊ नाना यांची जीप बांधावर उभी होती, एरंडोल-जळगाव सवाऱ्या भरून न्यायचे ते. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"नाना, गाडी काढा."

"आते तं बरं शे त्याले. सकाय जाऊत."

"सकाय नही. आते."

अक्का उठून माझ्यासमोर आली. आम्ही दोघी सारख्याच उंचीच्या, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. "आनि डाक्टरले काहीच नही सापडनं तं?"

"तं मी कॉलेज सोडी देस," मी म्हटलं. "घर बशीसन भाकरी थापसू. तू सांगशी त्या दगडवर न्हासू."

"बठ्ठा लोकेसमोर बोलनी तू."

"बठ्ठासमोर बोलनू."

माझी आई घरात बोलायची फार कमी, अक्कापुढे तर नाहीच. ती उठली, पुऱ्यांचं पीठ लागलेले हात पदराला पुसले, दुसरी घोंगडी झटकली आणि जीपच्या मागच्या भागात अंथरली. मग खाली उतरून उभी राहिली आणि नानांकडे बघत राहिली. नाना निमूटपणे गाडी सुरू करायला गेले. आबांना आत निजवलं, आईपाठोपाठ अक्काही चढली. भावाचं डोकं तिने मांडीवर घेतलं आणि जळगाव येईपर्यंत दुसऱ्या कुणाला घेऊ दिलं नाही. हायवेवर प्रत्येक खड्ड्याला आबांच्या तोंडून "आं" निघायचं. पाळधीपर्यंत पोट पुन्हा दुखायला लागलं होतं आणि ओठ पांढरे पडले होते. अक्का माझ्याकडे बघत नव्हती. मला जिंकल्याचा आनंद झाला नाही. मी मनात म्हणत होते, माझं चुकू दे, खुशाल भाकरी थापेन.

दवाखान्यात म्हातारे सर्जन होते, तुटक बोलणारे. त्यांनी पोटाला एकदा हात लावला, लगेच उभ्याने एक्स-रेचा फोटो काढवला आणि ओला फोटो उजेडासमोर धरला. उजव्या बाजूला, यकृताच्या वर, श्वासाच्या पडद्याच्या खाली काळी चंद्रकोर. जिथे हवा असायचं कारणच नाही तिथे हवा. आतडं फुटल्याशिवाय ती तिथे येत नाही.

"मेडिकलला आहेस म्हणे?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या वर्षाला. मला आत यायचंय."

"बापाचं पोट बघवणार नाही तुला."

"फाडलेलं पोट मी रोज बघते."

"ते मेलेल्यांचं."

"म्हणूनच जिवंत बघायचंय," मी म्हटलं. आता वाटतं, किती आगाऊ होते मी. पण तेव्हा मला दाराबाहेर बसून वाट बघणं शक्यच नव्हतं. मी वेडी झाले असते. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "चक्कर आली तर स्वतःच्या पायाने बाहेर जायचं. उचलायला माणूस नाही," म्हणाले.

छातीच्या हाडापासून खाली चीर गेली, आणि बेंबीपाशी आल्यावर तिला डावीकडून वळसा घालून पुढे सरकली. हवा फुस्सकन बाहेर आली. हिरवट पाणी, आणि त्यात वांग्याच्या बिया. सकाळी बोटाने चाखलेल्या भरिताच्या. मी भिंतीला पाठ टेकली आणि ओठ चावून उभी राहिले. मग सर्जननी जठर वर उचललं, आणि मी सगळं विसरले. गुलाबी. ओलं, चकचकीत, कडेने तांबड्या बारीक शिरांची जाळी. टेबलावरच्या राखाडी पिशवीत मी जे चिमटीने चाचपत होते ते इथे बापाच्या वाहत्या रक्ताने जिवंत होतं. पायलोरसचं कडं, त्याच्या जरा पलीकडे, पुढच्या भिंतीवर, मसुरीच्या दाण्याएवढं गोल भोक. आणि आतड्यांवर पांघरलेला चरबीचा पडदा आपणहून वर चढून त्या भोकाला अर्धवट चिकटला होता. पोटात त्या दिवशी खरोखर काही सरकलं असेल तर ते एवढंच. सर्जननी त्याच पडद्याचा पदर भोकावर घेतला आणि टाके घालून बांधून टाकला. मग पाण्याने पोट धूत राहिले, धूत राहिले, बिया संपेपर्यंत. माझ्याकडे न बघता म्हणाले, "रात्र गेली असती तर याला उघडून उपयोग नव्हता."

सकाळी आबा शुद्धीवर आले. नाकात नळी, ओठ कोरडे, पण डोळे त्यांचेच. आई त्यांच्यापाशी होती. अक्का व्हरांड्यात फरशीवर बसली होती, पाठ भिंतीला, रात्रभर तशीच. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. समोर झाडूवाला फरशी पुसत गेला. मग ती म्हणाली, "तू आत व्हतीस. काय दिसनं तुले?"

मी सगळं सांगितलं. जठर, कडं, पुढची भिंत, मसुरीएवढं भोक, वांग्याच्या बिया. ती मान खाली घालून ऐकत होती.

"आनि बेंबी?"

मला काहीतरी मऊ बोलता आलं असतं. तिचा भाऊ वाचला होता, रात्रभर ती जागी होती, आणि मी तिच्या मांडीवर वाढले होते. पण मी गप्प बसले तर उद्या कुणाच्या तरी फळी झालेल्या पोटावर पुन्हा तांब्या चढणार होता.

"बेंबी जागावरच व्हती, अक्का. ती कधीच सरकत नही. कोनानीबी नही."

तिचा हात मांडीवर होता, तो तिने उलटा केला आणि आपल्याच तीन बोटांकडे बघत राहिली. मला वाटलं ती आता ओरडेल. मला तेच चाललं असतं. पण तिने विचारलं, "हाई बठ्ठं तुले मुडदानी शिकाडं?"

"हां."

"मंग जाय धुये, कॉलेजले. आजनी यष्टी धर."

"तू नको म्हनती तरी मी जाती, अक्का."

"माले माहीत शे," ती म्हणाली. "म्हनीसन तं म्हनस, जाय."